अंकांची स्थानिक किंमत आणि हातच्याचे गणित

दशमान पद्धतीत ० ते ९ असे दहाच अंक आहेत. संख्या मात्र हव्या तितक्या लिहिता येतात. हे कसे जमते? अंकाची किंमत तो कोणत्या घरात बसला आहे यावर ठरते, म्हणून. ५५५ ही संख्या पाहा. तिन्ही ठिकाणी अंक ५ च आहे, म्हणजे दर्शनी किंमत तीच. स्थानिक किंमत मात्र डावीकडून अनुक्रमे ५००, ५० आणि ५ आहे:

५५५ = ५ × १०० + ५ × १० + ५ × १

डावीकडे एक घर सरकले की किंमत दहापट होते. बाकी सर्व यातूनच निघते.

आता ‘तीनशे पाच’ लिहा. उच्चारात शून्य ऐकू येत नाही. म्हणून कोणी ३५ लिहितो, कोणी ३००५. दुसरे उत्तर निष्काळजीपणाचे नाही हे शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात घ्यावे. त्या मुलाने ‘तीनशे’ ऐकून ३०० लिहिले आणि पुढे ५ जोडले. त्याला रागावण्याऐवजी शतक, दशक, एकक अशी तीन घरे आखून द्या. दशकाच्या घरात काही नाही, पण घर रिकामे सोडता येत नाही. तिथे ० हवे. मोठेपणी हीच चूक महागात पडते. एक लाख पाच हजार म्हणजे १,०५,०००. शून्य एक घर सरकले की १,५०,००० होतात, म्हणजे धनादेशावर ४५,००० रुपयांचा फरक!

ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० या संख्या अशाच शून्य देऊन कोरलेल्या आहेत.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘पंचवीस’ मध्ये पाच आधी बोलतो, वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी. कन्नड आणि तेलुगूत वीस आधी येते, त्यामुळे तिथे हा गोंधळ नाही. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले तेव्हा बरीच थट्टा झाली. माझ्या मते नेहमीची नावे शिकवावीतच, पण सुरुवातीला दोन्ही वाचने शेजारी ठेवायला हरकत नाही.

आता हातचा. ५०३ − १७८ करू. ३ मधून ८ जात नाहीत आणि दशकाच्या घरात ० आहे. ‘शेजाऱ्याकडून उसने घ्या’ असे सांगितले तर मूल अडते, कारण शेजाऱ्याकडेही काही नाही. म्हणून नोटा मोडल्यासारखे करा. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्या. त्यातली एक मोडून दहा सुटे रुपये घ्या. आता तुमच्याकडे ४ शतक, ९ दशक, १३ एकक आहेत. रक्कम तीच, ४०० + ९० + १३ = ५०३.

१३ − ८ = ५, ९ − ७ = २, ४ − १ = ३. उत्तर ३२५. पडताळा: ३२५ + १७८ = ५०३.

संगणकातील द्विमान पद्धतीत ० आणि १ हे दोनच अंक असतात आणि डावीकडचे प्रत्येक घर दुप्पट किमतीचे असते: ८, ४, २, १. म्हणून तिथे ११०१ म्हणजे ८ + ४ + ० + १ = १३. आता १०११० ची किंमत तुम्ही काढा. पाचवे घर १६ चे आहे.