कष्टाच्या हातांना खोबरेल



दिवाळी सरली की मुंबईच्या हवेतला दमटपणा ओसरतो. सकाळी जमिनीकडून कोरडा वारा येऊ लागतो आणि विक्रोळीत पार्कसाइटच्या टेकडीपासून कन्नमवार नगर, टागोर नगरपर्यंत घरोघर एकच तक्रार ऐकू येते. हात खरखरीत झाले, टाचांना भेगा पडल्या, नडगीवर नखाने पांढरे ओरखडे उठतात. ज्यांचे रोजचे काम पाण्यात, साबणात, सिमेंटमध्ये किंवा झाडूवर असते, त्यांना तर हिवाळ्याची वाटही पाहावी लागत नाही. पवईच्या इमारतींत चार-पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, सफाई कामगार, बांधकामावरचे मजूर, ऑफिसात हाऊसकीपिंगला जाणारी मुले-मुली, यांचे हात बारा महिने फुटलेले असतात.

‘कामाचे हात असेच असायचे’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. ते बरोबर नाही. फुटलेल्या त्वचेतून जंतू आत शिरतात, बोट पिकते, दोन दिवसांचा खाडा होतो आणि रोज बुडतो. मधुमेह असेल तर टाचेची साधी भेग पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकते. यावर बहुतेक घरांत आधीपासूनच असलेला एक चांगला उपाय म्हणजे खोबरेल तेल. मात्र ते कसे लावायचे आणि कुठे लावायचे नाही, या दोन्ही गोष्टी नीट माहीत हव्यात.

त्वचा कोरडी का पडते?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये हा सिमेंटचा थर. ही भिंत शाबूत असते तोवर शरीरातले पाणी आत राहते आणि घाण, जंतू बाहेर राहतात. भांड्यांची पावडर, कपड्यांचा साबण, फरशी पुसायचे फिनेल ही स्निग्ध द्रव्ये धुऊन काढतात. मग त्वचेतले पाणी हवेत उडून जाते, त्वचा आक्रसते आणि तडकते. ओले सिमेंट तर त्वचेला जाळतेच.

विक्रोळीच्या माणसाला साबण काही नवा नाही. इथल्या कितीतरी घरांतली माणसे गोदरेजच्या कारखान्यांत कामाला होती. प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलांपासून साबण काढण्याचे काम याच कंपनीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला केले. तेलाचा कॉस्टिक सोड्याशी संयोग झाला की साबण तयार होतो, आणि भरपूर फेस हवा असेल तर त्यात खोबरेल घालतात. म्हणजे जे तेल नुसते लावले तर त्वचेला राखते, तेच साबण झाल्यावर त्वचेवरचे तेल धुऊन नेते. म्हणून ‘नारळयुक्त साबण आहे, मग वेगळे तेल कशाला?’ हा विचार चुकीचा आहे.

खोबरेल काय करते?

खोबरेलमध्ये जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. या आम्लाला आणि त्यापासून बनणाऱ्या मोनोलॉरिनला काही जंतूंची वाढ रोखण्याचा गुण आहे. पण आपल्या दृष्टीने मोठा उपयोग साधा आहे. तेलाचा पातळ थर त्वचेवर बसतो, पेशींमधल्या फटी बुजवतो आणि आतले पाणी उडू देत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. खोबरेलमध्ये स्वतःचे पाणी नसते. ते त्वचेला ओलावा देत नाही, असलेला ओलावा धरून ठेवते. म्हणून पूर्ण कोरड्या, खरखरीत हाताला तेल चोळले की हात तेलकट होतो, पण आतून कोरडाच राहतो. तेल लावायचे ते ओलसर त्वचेला.

हा निव्वळ आजीबाईचा बटवा नाही. फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेल आणि बाळांच्या तेलात वापरतात ते मिनरल ऑइल, दोन्ही सारखेच गुणकारी ठरले. त्याच देशात पुढे इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे अभ्यास झाला. इसबाची तीव्रता मोजणारा आकडा मिनरल ऑइल लावणाऱ्या मुलांत सरासरी ३८ टक्क्यांनी उतरला, तर न तापवता काढलेले खोबरेल लावणाऱ्या मुलांत ६८ टक्क्यांनी.

या दोन अभ्यासांतून खिशाच्या कामाचीही एक गोष्ट कळते. २०२५ साली खोबऱ्याचे भाव खूप चढले आणि खोबरेल अनेक घरांना जड झाले. असे होईल तेव्हा साध्या कोरडेपणासाठी पेट्रोलियम जेलीची स्वस्त डबी घेतली तरी चालते. महागडी, सुगंधी लोशने घेतलीच पाहिजेत असे मुळीच नाही.

कोणते तेल घ्यावे?

बाटलीवरचे लेबल वाचा. खाद्यतेल म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ‘खाद्यतेल’ असे शब्द आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असतो. केशतेल म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात सुगंध, रंग किंवा दुसरी तेले असू शकतात. फुटलेल्या त्वचेला सुगंधी द्रव्ये झोंबतात, पुरळही येते. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल खाद्यतेल मानायचे की केशतेल, हा कराचा वाद वर्षानुवर्षे चालला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही, लेबल आणि विक्री कशी आहे ते पाहायचे. आपणही तोच नियम लावावा. बाटलीचा आकार किंवा जाहिरात न पाहता लेबल पाहून तेल घ्यावे.

‘थंडीत गोठले म्हणजे शुद्ध’ ही पक्की कसोटी नव्हे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते हे खरे, पण पाम तेलाचे काही प्रकारही गोठतात. सुटे तेल घेत असाल तर ओळखीच्या घाणीवरून घ्या. खवट वास येणारे तेल अंगाला लावू नये.

कोकणातल्या पद्धतीने तेल घरीही काढता येते. दोन-तीन नारळ खवून, थोडे कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढायचे आणि स्वच्छ फडक्यातून रस पिळून घ्यायचा. तो जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर आटवत ठेवायचा. पाणी आटले की चोथा लालसर होऊन खाली बसतो आणि वर तेल सुटते. ते गाळून, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे. पाण्याचा अंश राहिला तर तेल लवकर खवट होते. तेल थोडेच निघते, म्हणून एरवी बाजारचे शुद्ध तेल घेणेच परवडते.

लावायचे कसे?

१. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुवा आणि फडक्याने नुसते टिपून घ्या. हात ओलसर असतानाच अर्धा चमचा तेल दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला चोळा.

२. आंघोळ फार कढत पाण्याने करू नका. साबण काख, जांघा आणि पावलांना लावला तरी पुरे. हात-पाय, नडगी, पाठ यांवर रोज साबण घासण्याची गरज नसते. अंग टिपले की तीन-चार मिनिटांत तेल लावा.

३. रात्री पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा, टिपा, टाचांना तेल लावा आणि जुने सुती मोजे घालून झोपा. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल साठू देऊ नका, तिथे चिखल्या होतात.

४. पायाला तेल लावून लगेच फरशीवर चालू नका. वयस्कर माणसे घसरून पडतात.

५. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. घालण्यापूर्वी हातांना तेल लावू नका, तेलाने रबर सैल पडून फाटते. आत पातळ सुती मोजे घातले तर घामही टिपला जातो.

टाचांच्या खोल भेगांना नुसते तेल टिकत नाही. त्यासाठी कोकमतेलाचा उपयोग होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेल्या घरांना कोकमाच्या बियांचे हे घट्ट, फिकट गोळे ठाऊक असतील. एक भाग कोकमतेल आणि दोन भाग खोबरेल एका वाटीत घ्या. ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, ढवळा आणि डबीत ओता. गार झाल्यावर मऊ मलम तयार होते.

बाळाचे मालिश

याबाबतीत आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर महत्त्वाचे काम झाले आहे. सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या मालिशचा केलेला अभ्यास २००५ साली ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल, मिनरल ऑइल आणि तेलाऐवजी पावडर असे तीन गट होते. बाळ एक महिन्याचे होईपर्यंत मालिश झाले, घरी गेल्यावर ते आईनेच केले. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांत खोबरेलच्या गटाचे वजन इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक वेगाने वाढले. याचा अर्थ तेल हे दुधाची जागा घेते असा नाही. आईचे दूध आणि ऊब यांच्या जोडीला हलक्या हाताचे मालिश चांगले, एवढाच त्याचा अर्थ. कमी वजनाच्या बाळाला मालिश सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दोन चाली मात्र बंद केल्या पाहिजेत. बाळाच्या नाकात-कानात तेल घालू नका. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि बाळाच्या तेलात कापूर घालू नका. कापूर लहान बाळाला विषारी असतो, त्याने झटके येऊ शकतात.

खोबरेल कुठे लावू नये?

मुरुमांच्या चेहऱ्यावर ते छिद्रे बुजवते आणि मुरूम वाढतात. घामोळ्यांवर लावू नये. भाजल्यावर आधी वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी, तेल नाही. नायटा किंवा गजकर्ण तेलाने जात नाही, खरूजही जात नाही. रात्री घरातल्या दोघा-तिघांना खाज सुटत असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते.

नायट्यासाठी दुकानदाराला विचारून ट्यूब आणण्याची आपली सवय फार महागात पडते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा अंगभर पसरतो आणि पुढे नेहमीच्या औषधांनाही दाद देत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, तरीही काउंटरवर ती मिळतात. आपणच ती मागू नयेत.

हीच मलमे ‘गोरे होण्यासाठी’ म्हणून आपल्या मुली चेहऱ्याला लावतात. त्याने कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, उन्हात चेहरा जळजळतो. खोबरेलने कोणी गोरे होत नाही आणि होण्याची गरजही नाही. सावळ्या त्वचेतला रंग उन्हापासून शरीराचे रक्षण करतो. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नावातला ‘फेअर’ शब्द काढला. आपल्या लग्नाच्या बोलण्यांतून तो अजून निघालेला नाही. मुलीची त्वचा निरोगी आहे का एवढे पाहावे, रंगाची चौकशी बंद करावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवडे नियमित तेल लावूनही फरक पडला नाही, भेगांतून रक्त किंवा पू आला, हात लाल होऊन पाण्याचे फोड आले, तर महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. मधुमेहींनी रोज रात्री पावले आणि तळवे आरशात पाहावेत, कढत पाण्यात पाय बुडवू नयेत आणि साधी जखमही अंगावर काढू नये.

आणि एक खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. त्वचेपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही आणि ज्यावर स्पर्श, गरम-गार कळत नाही, तो कोरडेपणाचा चट्टा समजून तेल चोळत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. हा आजार औषधाने पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळते. वडाळ्याचे अॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून याच कामासाठी उभे आहे. लाज वाटून उशीर केला तर मात्र बोटांची हानी भरून येत नाही.

शेवटी, तेल हा नुकसान झाल्यानंतरचा उपाय आहे. आधीचा उपाय हातमोज्यांचा. सफाईच्या, बांधकामाच्या, हाऊसकीपिंगच्या कामावर हातमोजे आणि बूट देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. ते एकट्याने मागायला अवघड वाटत असेल तर चार जणांनी मिळून मागावेत. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनी नव्या घराचे काम धरतानाच पगाराबरोबर हातमोज्यांचेही बोलून घ्यावे. आणि तेलाची बाटली कपाटात ठेवू नये. मोरीजवळच्या फळीवर, ओल्या हाताला लागेल अशी ठेवावी, म्हणजे रोज लावायची आठवण राहील.