ॲप ‘बुकिंग झालं’ असं खोटं का बोलतं? रिझल्ट टाइप समजून घेऊ

स्क्रीनवर हिरवी टिक, खाली ‘तुमचं तिकीट बुक झालं आहे’. प्रत्यक्षात तिकीट नाहीच. हा घोळ मी स्वतः घातलाय. पहिल्या नोकरीत बस बुकिंगच्या एका ॲपची ती स्क्रीन माझ्याकडे होती. दिवाळीच्या गर्दीत सर्व्हर अधूनमधून सीट द्यायला नकार देत होता, ॲप मात्र सगळ्यांना हिरवी टिक दाखवत होतं. लोक रात्री बॅगा घेऊन स्टॉपवर पोचले, तर बसवाल्याच्या यादीत नावच नाही. पैसे नंतर परत गेले, पण त्या रात्रीचं काय?

चूक तीन ओळींची होती. सीट बुक करणारं फंक्शन फसलं की ‘एक्सेप्शन’ फेकायचं, म्हणजे हातातलं काम तिथेच सोडून वर बोंब मारायचं. ती बोंब झेलायला मी ‘ट्राय-कॅच’ लिहिलं, पण कॅचमध्ये फक्त लॉगला नोंद केली आणि पुढे गेलो. पुढची ओळ हिरव्या टिकची. (नंतर नीट करू म्हणून ठेवलं होतं. ते ‘नंतर’ आलंच नाही.)

कंपायलरने मला अडवलं का नाही? कारण फंक्शनच्या व्याख्येत ‘मी सीट नंबर देतो’ एवढंच लिहिलेलं. फसू शकतो, हे कुठेच नाही. कोटलिनमध्ये एक्सेप्शन पकडायची सक्ती नसते. जावात काही एक्सेप्शनसाठी असते, पण तिथेही रिकामा कॅच लिहून सुटता येतं.

रिझल्ट टाइपमध्ये फंक्शन सीट नंबर थेट देत नाही, बंद पाकीट देतं. आत एकतर नंबर, नाहीतर तो न मिळण्याचं कारण. पाकीट न फोडता नंबर म्हणून वापरायला गेलात, तर कोड कंपाइलच होत नाही. टाइप-सेफ म्हणतात ते हेच: चूक ग्राहकाच्या फोनवर नाही, माझ्या लॅपटॉपवर सापडते. रस्टमध्ये या पाकिटाचे ‘ओके’ आणि ‘एर’ असे दोन कप्पे असतात आणि पाकीट न बघता टाकून दिलं तर कंपायलर वॉर्निंग देतो. स्विफ्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत रिझल्ट २०१९ साली आला.

कोटलिनमध्येही तयार रिझल्ट आहे, पण चूक नेमक्या कुठल्या प्रकारची, हे त्याच्या टाइपमध्ये लिहिता येत नाही. म्हणून आम्ही ‘सील्ड क्लास’ वापरून स्वतःचा बनवला. ‘व्हेन’ लिहिताना त्यातली एखादी शक्यता विसरली, तर कोटलिन १.७ पासून (२०२२) थेट एरर येते. मी ‘मिळाली’ आणि ‘नाही मिळाली’ या दोनच लिहिल्या होत्या. कंपायलर अडून बसला: तिसरीचं काय?

तिसरी म्हणजे ‘माहीत नाही’. रिक्वेस्ट गेली, पण उत्तर यायच्या आत नेटवर्क गेलं. सर्व्हरवर सीट बुक झाली असेल, नसेलही. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे लगेच कळेल: पास, नापास आणि ‘निकाल राखीव’. यूपीआयवर ‘पेंडिंग’ दिसतं ते याच जातीचं. अशा वेळी ॲपने ‘फेल’ म्हटलं, तर तुम्ही पुन्हा पैसे भरणार आणि दोनदा कापले जाणार. त्यामुळे पेंडिंग दिसलं की आधी बँकेचं स्टेटमेंट बघा. मी डिझायनरला विचारलं, उत्तरच आलं नाही तर काय दाखवायचं? ती म्हणाली, “हे आधी का नाही विचारलंस?”

पण पळवाट इथेही आहे. रस्टमध्ये ‘अनरॅप’ म्हणजे ‘आत ओकेच आहे, मला खात्री आहे’ असं म्हणत पाकीट फाडायचं. आत एर निघाली तर प्रोग्रॅम पॅनिक होऊन थांबतो. १८ नोव्हेंबर २०२५ ला एक्स, चॅटजीपीटी अशा कितीतरी सेवा अडकल्या, आठवतंय? क्लाउडफ्लेअरमध्ये डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या, त्यामुळे बॉट ओळखणाऱ्या फाइलमध्ये नोंदी दुबार आल्या आणि फाइल ठरलेल्या मर्यादेपलीकडे फुगली. ती वाचणाऱ्या रस्ट कोडला एर मिळाली. पुढे अनरॅप होतं. चूक पाकिटात नीट लिहून आलेली होती. माझ्या मते तिथे आधीची फाइल वापरत राहणं हा साधा पर्याय होता, आणि तो लिहायला ‘एर’चा कप्पा मोकळाच होता.