सहाध्यायाचा मसुदा

सहाध्यायाच्या लिखाणावर मत देणे वाटते तितके सोपे नाही. ‘छान आहे’ एवढ्याने त्याचे हित साधत नाही, आणि ‘टाकाऊ आहे’ म्हटल्याने त्याचा उत्साह मावळतो. समजा, बीडच्या एखाद्या विद्यार्थ्याने गावच्या खजाना विहिरीवरील प्रकल्पाचा मसुदा आपणांस वाचावयास दिला. निजामशाहीतील सलाबतखानाने सोळाव्या शतकात ती बांधविली व तिचे पाणी भूमिगत मार्गाने शेतांस देण्याची योजना केली, हे त्याने नीट मांडले असेल, तर ते प्रथम सांगावे. पुढे ‘तिचे पाणी कधीच आटत नाही’ असे वाक्य आढळल्यास, ‘हे चूक’ असे न म्हणता ‘कोणत्या महिन्यात, कोणी मोजले?’ असे विचारावे. त्या प्रश्नात उणीवही कळते आणि दुरुस्तीची वाटही दिसते.

अशा अभिप्रायाचे जुने उदाहरण आपल्याच वाङ्मयात आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी भास्करभट्ट बोरीकर या महानुभाव कवीचा ‘शिशुपालवध’ पाहून, ग्रंथ चांगला, परंतु शृंगारामुळे विरक्तांस योग्य नव्हे, असे एका गुरुबंधूने म्हटल्याचे परंपरा सांगते. त्यानंतर कवीने ‘उद्धवगीता’ रचली. गुण सांगितला, उणीव नेमकी दाखविली, परंतु लेखणी कवीच्याच हाती राहू दिली. उत्तम अभिप्रायाची मर्यादा हीच होय.