दोरी, साप आणि मृगजळ

मे महिन्यातल्या दुपारी जालना रोडने चिकलठाण्याच्या पुढे निघाले, की समोर डांबरावर पाणी चमकताना दिसते. ते पाणी नव्हे, हे एसटीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. तरी ते दिसायचे थांबत नाही. रस्त्यालगतची हवा तापून विरळ झालेली असते, आकाशाचा उजेड तिच्यातून वळून डोळ्यांत येतो. आपल्याला कळले म्हणून हवा थंड होत नाही.

अद्वैत वेदान्ताने भ्रमाचे दोन प्रकार मानले आहेत. अंधारात दोरीवर साप दिसला, दिवा आणला, दोरी कळली आणि साप नाहीसा झाला, हा निरुपाधिक भ्रम. मृगजळ मात्र कळल्यावरही दिसत राहते, कारण ते दाखवणारी उपाधी जागेवरच असते. हा सोपाधिक भ्रम. मानसिक आजारातल्या भासांविषयी आपल्याकडे जो मोठा गैरसमज आहे, तो या भेदाने नेमका पकडता येतो. आपण भासाला दोरीवरचा साप समजतो. पुष्कळदा तो मृगजळ असतो.

हे मी पुस्तकांतून शिकलो, पण पुस्तकांकडे वळलो ते कानामुळे. गेली एकवीस वर्षे मला अधूनमधून खिडकीखालून एक पुरुषी आवाज नावाने हाक मारतो. मग तोच आवाज दुसऱ्या कुणाला तरी माझ्याविषयी सांगू लागतो. निदान झाले, औषधे चालू आहेत. त्यांनी आवाज बराच लांब गेला, पूर्ण गेला नाही. खाली कोणी नसते, हे मला माहीत आहे. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी विचारले होते, ‘तुला कळतंय ना? मग ऐकतोस कशाला?’ जिथे नोकरी करत होतो तिथे याच्या उलट ऐकले : ‘एवढं कळतंय, म्हणजे तू बरा आहेस. नाटकं करू नकोस.’ दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे : भान एक तर असते, नाही तर नसते.

आता उपाधी कोणती ते पाहू. स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही. आपण हालचाल करतो तेव्हा मेंदू तिची वर्दी स्वतःच्याच संवेदनकेंद्रांना आधी देऊन ठेवतो, त्यामुळे ‘हे माझेच’ अशी नोंद होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ क्रिस फ्रिथ यांनी मांडले, की आवाज ऐकू येणाऱ्यांमध्ये ही नोंद चुकत असावी. २००० साली सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की अशा रुग्णांना स्वतःचा स्पर्शही परक्याच्या स्पर्शाइतकाच जाणवतो. त्याआधी १९९३ मध्ये फिलिप मॅग्वायर व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये पाहिले होते, की भास चालू असताना मेंदूच्या ब्रोका क्षेत्राकडे रक्तप्रवाह वाढतो. हे क्षेत्र प्रामुख्याने बोलण्याचे. मनातले बोलणे ‘आपले’ ही खूण न लागता कानाशी येते, असा याचा एक अर्थ लावला जातो. मराठवाड्यात अशा माणसाविषयी ‘त्याला बाहेरचं आहे’ असे म्हणतात. आतले ते बाहेरचे वाटणे, हीच चूक मेंदू करत असतो.

मानसोपचारात या भानाला ‘मर्मदृष्टी’ म्हणतात. १९९० मध्ये अँथनी डेव्हिड यांनी तिचे तीन पदर सांगितले : आपल्याला आजार आहे हे मान्य असणे, विचित्र अनुभव आजारातला आहे हे ओळखणे आणि उपचार स्वीकारणे. एखाद्याकडे एक पदर असतो, दुसरा नसतो. जो असतो तोही रोज सारखा राहत नाही. दोन रात्री झोप झाली नाही की माझा दुसरा पदर विरतो.

शिवाय संशय दोन्हीकडून कापतो. एकदा गॅसवाला खालून खरोखर हाका मारत होता आणि मी भास समजून बसून राहिलो. सिलिंडर परत गेले. एकट्या माणसाला याचा निवाडा करता येत नाही, दुसऱ्याचा कान लागतो. मी पत्नीला विचारतो, ‘तुला ऐकू आलं का?’ ती म्हणते, ‘नाही हो. चहा ठेवू?’ वाद नाही, थट्टा नाही, खोटा होकारही नाही. तिच्या या ‘नाही’वर माझा दिवस उभा असतो.

कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजीवाहकाला ‘शुभंकर’ म्हणतात. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात भाऊ-बहिणीच्या नात्यातून हीच जोडी दिसते. पुण्याच्याच रेश्मा वल्लिअप्पन यांनी ‘अ ड्रॉप ऑफ सनशाईन’ (२०११) या माहितीपटातून आणि पुढे आत्मकथनातून आपला आजार स्वतःच्या तोंडाने सांगितला.

भान येते-जाते, हे कायद्यानेही मानले आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ५ नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती आगाऊ लिहून ठेवू शकते, की पुढे निर्णयक्षमता हरपली तर कसे उपचार हवेत, कसे नकोत. आपल्या वतीने कोणी बोलायचे, तेही ठरवता येते. तातडीच्या उपचारांना हे लागू नाही. मी माझा कागद या उन्हाळ्यात लिहिला. प्रतिनिधी म्हणून पत्नीचे नाव घातले.

वाचकांना एवढेच सांगायचे आहे. घरात कोणी ‘तुम्हाला ऐकू आलं का?’ असे विचारले, तर हसू नका आणि घाबरूही नका. त्या माणसाचे भान शाबूत आहे, म्हणूनच तो विचारतो आहे. जे ऐकू आले असेल, नसेल, ते खरे सांगा.