दरड, वाळू आणि हिमनदी

डोंगरउतारावरच्या प्रत्येक दगडाला गुरुत्वाकर्षण सतत खाली ओढत असते. तो जागेवर राहतो तो घर्षणामुळे आणि मातीच्या कणांनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळे. ही पकड सुटली की माती-दगड खाली येतात. भूगोलात या क्रियेला विस्तृत झीज म्हणतात.

पकड सुटण्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. सह्याद्रीत टणक बेसॉल्टवर मुरूम-मातीचा थर असतो. मुसळधार पावसात या थरातल्या पोकळ्या पाण्याने भरतात. थराचे वजन वाढते, आतला पाण्याचा दाब कणांना सुटे करतो आणि सगळा थर घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव अशाच दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. हीच हालचाल संथपणेही होते. काही उतारांवर माती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर सरकते; तिरपे झालेले खांब आणि बुंध्याशी वाकलेली झाडे तेवढी त्याची साक्ष देतात.

वाऱ्याचे बळ चालते ते कोरड्या, उघड्या जमिनीवर. बारीक धूळ तो उंच उचलून दूर नेतो. वाळूचे कण मात्र जमिनीलगत उड्या मारत पुढे जातात. त्यामुळे त्यांचा मारा खडकाच्या खालच्या भागावर जास्त बसतो. बुडाशी झिजलेला आणि माथ्याशी रुंद राहिलेला असा खडक म्हणजे भूछत्र खडक. वाऱ्याचा जोर ओसरला की वाळू साचते. चंद्रकोरीसारख्या बारखाण टेकडीचा वाऱ्याकडचा उतार सौम्य असतो. पलीकडची बाजू सुमारे ३४ अंशांहून तीव्र झाली, की गुरुत्वाकर्षणाने वाळू तिथून ओघळते. मागची वाळू अशी पुढे पडत गेल्याने टेकडीच पुढे सरकते. थर वाळवंटात उन्हाळ्यातले नैर्ऋत्येचे वारे हे काम करतात. दूर गेलेली धूळ साचून लोएस तयार होते. चीनच्या लोएस पठारावर तिचे थर कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून जाड आहेत.

बर्फाचे काम सावकाश चालते. वर्षानुवर्षे साठलेले हिम दाबाने घट्ट होऊन त्याचा बर्फ बनतो आणि पुरेसा जाड झाला की स्वतःच्या वजनाने उताराकडे वाहू लागतो. हीच हिमनदी. तळाशी गोठून चिकटलेले खडकाचे तुकडे ती उपटून नेते आणि त्याच दगडांनी पुढचा खडक कानशीसारखा घासते. त्यामुळे खडकावर समांतर ओरखडे उमटतात आणि दरी तळाशी रुंद, इंग्रजी ‘यू’च्या आकाराची होते. उत्तराखंडातली गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. गोमुखापाशी तिच्यातून निघणारी भागीरथी दुधी-करडी दिसते, कारण घासलेल्या खडकाची पिठासारखी भुकटी तिच्या पाण्यात तरंगत असते. वाहून आणलेला बाकीचा गाळ बर्फ वितळताना कडेला आणि टोकाशी पडतो. त्याला हिमोढ म्हणतात.

या तिघांची कामगिरी ओळखता येते ती त्यांनी टाकलेल्या गाळावरून. वारा कण निवडून नेतो, म्हणून टेकडीतली वाळू जवळपास एकाच आकाराची असते. दरड आणि हिमनदी दोन्ही धोंड्यांपासून मातीपर्यंत सगळे सरमिसळ टाकतात. मात्र दरडीचा ढीग त्याच डोंगरातून तुटलेल्या खडकाचा असतो, तर हिमोढात कोसो दूरचे, ओरखडे उमटलेले दगडही सापडतात.