पाठीला पट्टा, पण मन समुद्रात!

परवा शाळेत सातवीतल्या एका मुलीची आई भेटायला आली. मुलीच्या पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला. डॉक्टरांनी पट्टा दिलेला. पदरानं डोळे टिपत म्हणाली, "बाई, पी.टी.च्या तासाला हिला बसवूनच ठेवा. हिच्या नशिबी आता खेळणं नाही." मी मान हलवली खरी, पण घरी पोळ्या लाटतानाही ते वाक्य डोक्यातून जाईना. आणि एकदम आठवली शेली टेलर-स्मिथ.

शेली ऑस्ट्रेलियातल्या पर्थची, जन्म १९६१चा. तिचाही कणा असाच वाकलेला. लहानपणी तिलाही पट्टा बांधावा लागला. पण पोहणं तिनं सोडलं नाही. पुढं शिष्यवृत्ती मिळवून ती अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात गेली. तिथं सराव करता करता कमरेखालचं अंगच लुळं पडलं. दुसरी कुणी असती तर परतीचं तिकीट काढून मोकळी झाली असती! ही मात्र सावरली. अंतर जितकं लांब, तितकी ही मुलगी खुलते, हे तिच्या प्रशिक्षकांनी हेरलं आणि तलाव सोडून ती नदी-समुद्रात उतरली.

न्यूयॉर्कच्या मॅनहटन बेटाभोवती सुमारे ४६ किलोमीटर पोहण्याची शर्यत असते. भरती-ओहोटीचं गणित सांभाळत तीन पाण्यांतून जायचं. सोबतच्या होडीतून खायला-प्यायला मिळतं, पण होडीला हात लावायचा नाही. ही शर्यत शेलीनं पाच वेळा जिंकली. १९९५ साली तर पावणेसहा तासांत फेरी पुरी करून विक्रम केला.

१९९१ साली तिच्याच गावी, पर्थला, जागतिक स्पर्धेत खुल्या पाण्यातलं पोहणं प्रथमच आलं. २५ किलोमीटरचं सुवर्णपदक तिनं पटकावलं. त्याच वर्षी लांब पल्ल्याच्या जागतिक क्रमवारीत स्त्री-पुरुष मिळून ती पहिली आली. आणि गंमत बघा, त्यानंतर बायकांची आणि पुरुषांची यादी वेगवेगळी झाली!

स्पर्धा संपल्यावर बाई पदकं पुसत घरी बसली नाही. जागतिक जलतरण संघटनेच्या, म्हणजे तेव्हाच्या 'फिना'च्या, खुल्या पाण्याच्या तांत्रिक समितीवर तिनं काम केलं. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटरची शर्यत आली, ती अशाच माणसांच्या चिकाटीमुळं. व्याख्यानांतून, शिकवण्यातून ती इतरांना पाण्याकडं ओढत राहिली.

अर्थात हा पोरखेळ नव्हे. २०१० साली अमिरातीत फुजैरा इथं कोमट समुद्रातल्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा २६ वर्षांचा जलतरणपटू दगावला. त्यानंतर पाणी ३१ अंशांहून गरम असेल तर शर्यत नाही, असा नियम झाला. आपल्याकडं धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया पोहून येणाऱ्या मुलांबरोबरही होडी आणि जाणकार माणसं असतात. तेव्हा हौसेपोटी एकट्यानं पाण्यात उतरणं नको.

पोहण्यानं वाकलेला कणा सरळ होतो असं मी म्हणत नाही. काय झेपेल ते डॉक्टरांनीच सांगायचं. पण विचारायला तरी हवं ना! सोमवारी त्या आईला मी एवढंच सांगणार आहे, "डॉक्टरांना 'काय करायचं नाही' ते विचारलंत. आता 'काय करता येईल' तेही विचारा."