कार्बन डॉट: शोषलेला प्रकाश जातो कुठे?

छत्रपती संभाजीनगरचे नळाचे पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येते. अनेक वसाहतींची मदार अजूनही बोअरवर आहे, आणि चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांचे सांडपाणी हा वेगळाच विषय. अशा शहरात पाण्याबद्दलचे प्रश्न दोनच: त्यात नको ते काय आहे, आणि ते घालवायचे कसे? या दोन्हींसाठी हल्ली नायट्रोजनयुक्त कार्बन डॉटचे नाव घेतले जाते. एकच कण दोन्ही कामांना कसा येतो, ते क्रमाने पाहू.

कार्बन डॉट म्हणजे साधारण १० नॅनोमीटरपेक्षा लहान कार्बनी कण. २००४ मध्ये अमेरिकेत कार्बनच्या नळ्या शुद्ध करताना उरलेल्या भागात ते चमकताना दिसले. आज ते बनवायला फार सामग्री लागत नाही. २०१३ च्या एका गाजलेल्या कृतीत सुमारे १ ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि थोडे इथिलीनडायअमाइन १० मिलिलिटर पाण्यात विरघळवले जाते. टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये हे मिश्रण २०० अंश सेल्सिअसला पाच तास ठेवतात. आम्लातून कार्बन मिळतो, अमाइनमधून नायट्रोजन. तयार झालेला तपकिरी द्राव अतिनील दिव्याखाली निळा उजळतो. भारतीय संशोधकांनी २०१२ मध्ये संत्र्याच्या रसापासूनही डॉट बनवले. मराठवाड्याच्या मोसंबी पट्ट्यात या वाटेचा मोह पडणारच; पण रसाचे घटक झाडागणिक आणि हंगामागणिक बदलतात, त्यामुळे दरवेळी तोच डॉट मिळेल याची हमी नसते.

इथे एक पायरी गाळून चालत नाही. सायट्रिक आम्ल आणि अमाइन यांच्यातून लहान, अतिशय चमकदार रेणूही तयार होतात. डायलिसिसच्या पिशवीत द्राव ठेवून ते धुऊन काढले नाहीत, तर त्यांची चमक डॉटच्या खात्यावर जमा होते.

आता प्रकाशाकडे वळू. डॉटने अतिनील किरण शोषला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि मागे धन प्रभाराची रिकामी जागा उरते. कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असलेला नायट्रोजन या पातळ्यांची रचना बदलतो, तर पृष्ठभागावरचे नायट्रोजनयुक्त गट ऊर्जा उष्णतेत वाया जाण्याच्या वाटा कमी करतात. इलेक्ट्रॉन खाली परतताना प्रकाश बाहेर पडला, तर ती प्रतिदीप्ती. मधल्यामध्ये इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे गेला, तर चमक घटते. दोन्ही उपयोगांचे मूळ या फाट्यावर आहे.

संवेदनात ही घटच मोजतात. उदाहरणार्थ, लोहाचे फेरिक आयन डॉटच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल व कार्बॉक्सिल गटांना चिकटतात आणि उत्तेजित इलेक्ट्रॉन स्वीकारतात. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून आलेख काढला की नमुन्यातले लोह वाचता येते. मात्र फेरिक आयन स्वतःही अतिनील प्रकाश शोषतात. डॉटपर्यंत किरणच कमी पोचले, तरी चमक कमी दिसते. हे वेगळे काढायला शोषणाची दुरुस्ती करतात आणि प्रतिदीप्तीचा आयुःकाल मोजतात. शिवाय ऊर्ध्वपातित पाण्यात सुबक आलेला आलेख बोअरच्या जड पाण्यात तसाच येईल असे नाही. तिथल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमसह चाचणी पुन्हा करावी लागते.

प्रकाश-उत्प्रेरणात तोच इलेक्ट्रॉन कामाला लावतात. डॉट बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडसोबत वापरले जातात. हा ऑक्साइड एकटा जवळपास फक्त अतिनील किरणच वापरतो, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. डॉट दृश्य प्रकाशाचाही काही भाग पकडतात आणि इलेक्ट्रॉन ऑक्साइडकडे देतात. तिथून तो ऑक्सिजनला मिळाला की सुपरऑक्साइड बनते. रिकाम्या जागांमुळे होणाऱ्या ऑक्सिडीकरणातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होऊ शकतात. हे आक्रमक घटक मिथिलीन ब्लूसारख्या रंगाचे रेणू तोडतात. या जोडणीत डॉटची चमक मंदावते, आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे जात असल्याची ती एक खूण मानली जाते.

म्हणजे सर्वांत चमकदार डॉट हाच उत्तम उत्प्रेरक असेल असे नाही. प्रकाश म्हणून परतलेली ऊर्जा रंग तोडायला उरत नाही.

रंग गेला म्हणजे पाणी स्वच्छ झाले, असेही नाही. दिवा लावण्यापूर्वी मिश्रण साधारण अर्धा तास अंधारात ढवळतात, कारण रंग कणांना नुसता चिकटूनही द्राव फिका पडतो. रंगाचा रेणू तुटल्यावर रंगहीन तुकडे उरू शकतात. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. आणि सुटे डॉट इतके बारीक असतात की साध्या गाळण कागदातून सरळ निसटतात. ते एखाद्या आधारावर पक्के बसवून, वापरानंतर पाण्यात किती सुटले हे तपासल्याशिवाय सांडपाण्यासाठी त्यांची शिफारस करता येत नाही.